खड्डे पाडणारे यंत्रचलित गिरमिट : निवड आणि वापर

फळझाडाच्या आयुष्याचा पाया खड्ड्यात घातला जातो. कलम कितीही जातिवंत असले आणि खत कितीही दिले, तरी ज्या खड्ड्यात मुळांना पसरण्यास वाव नाही, त्या खड्ड्यातील झाड जोम धरीत नाही. १९९० साली रोजगार हमी योजनेशी फळबाग लागवडीची सांगड घालण्यात आली, आणि तेव्हापासून आपल्या राज्यात कोरडवाहू जमिनीवरही आंबा, काजू, डाळिंब, सीताफळ, पेरू यांच्या बागा मोठ्या प्रमाणावर उभ्या राहिल्या. त्या बागांचे खड्डे बहुतांशी पहार, कुदळ व फावडे यांच्या साहाय्याने माणसांनी खणले. आज ऐन हंगामात मजूर मिळणे दुरापास्त झाले आहे. त्यामुळे खड्डे पाडणारे यंत्रचलित गिरमिट गावोगावी दिसू लागले आहे.

सुताराचे गिरमिट लाकडात शिरते, त्याच पद्धतीने हे गिरमिट जमिनीत शिरते. मधोमध एक दांडा, त्याभोवती मळसूत्राप्रमाणे गुंडाळलेली लोखंडी पाती, टोकाशी अणी व माती कापणाऱ्या धारेच्या पट्ट्या, आणि वर इंजिन, अशी त्याची साधी रचना आहे. अणी मध्य धरून ठेवते, पट्ट्या माती कापतात आणि मळसूत्र ती वर आणून भोवती टाकते. थंड देशांत गोठलेल्या तळ्यांवर मासे धरण्यासाठी बर्फाला भोके पाडतात, तीही याच जातीच्या यंत्राने. मात्र बर्फाचे पाते हे तासणीसारखे गुळगुळीत असते, मातीचे पाते दणकट व दातेरी असते. बर्फासाठी केलेले पाते आपल्या मुरमात एक दिवसही टिकणार नाही. यंत्र एकच दिसले, तरी काम कोणते आहे ते पाहून त्याची निवड करावयाची असते, हे यावरून ध्यानात यावे.

एक अनुभव

काही वर्षांपूर्वी माझ्या कार्यक्षेत्रातील एका शेतकरी बंधूने एक एकर काळ्या जमिनीत पेरूची लागवड करण्याचे ठरविले. सहा मीटर अंतराने सुमारे ११० खड्डे लागणार होते. मजूर मिळेनात आणि मृग तर तोंडावर आलेला. मी त्यांस यंत्र भाड्याने आणण्याचा सल्ला दिला. यंत्र आले, तोवर दोन चांगले पाऊस झाले होते. ओल्या जमिनीत गिरमिट लोण्यात सुरी जावी तसे गेले. एका दिवसात सर्व खड्डे पाडून झाले आणि दुसऱ्या दिवशी कलमे लागली. आम्ही दोघेही समाधानाने घरी गेलो.

श्रावणातील झडीनंतर झाडे पिवळी पडू लागली. भाद्रपदाअखेर बरीचशी वाळली. त्यांतील काही झाडे आम्ही मुळांसह उकरून काढली. खड्ड्याची भिंत कुंभाराने घोटलेल्या मडक्याच्या आतील अंगासारखी गुळगुळीत व चकचकीत झालेली होती. मुळे त्या भिंतीशी जाऊन वळली होती आणि कुंडीतल्या रोपाप्रमाणे गोल गोल फिरली होती. तळाशी पाणी साचून मुळे कुजली होती. तो शेतकरी रागावला नाही. यंत्राने भोक पाडले, खड्डा पाडला नाही, एवढेच तो म्हणाला. त्याचे एक वर्ष वाया गेले आणि त्यास माझा अपुरा सल्ला कारणीभूत होता. पुढील वर्षी त्याच जमिनीत, त्याच प्रकारच्या यंत्राने, परंतु पुढे सांगितलेल्या रीतीने खड्डे घेतले, तेव्हा झाडे व्यवस्थित लागली. दोष यंत्राचा नव्हता, वापराचा होता. म्हणूनच हा लेख लिहीत आहे.

भोक आणि खड्डा यांतील फरक

आंबा, चिकू व नारळ यांसाठी साधारणपणे एक मीटर लांब, रुंद व खोल, तर पेरू, डाळिंब व काजू यांसाठी ६० सेंटिमीटर लांब, रुंद व खोल खड्डा घ्यावा, अशी शिफारस आहे. आता हिशेब पाहा. ६० सेंटिमीटरच्या खड्ड्यातून सुमारे २१६ लिटर आकारमानाची माती मोकळी होते. ३० सेंटिमीटर व्यासाच्या गिरमिटाने तितक्याच खोलीचे एक भोक पाडले, तर जेमतेम ४२ लिटर माती मोकळी होते. म्हणजे खड्ड्याचा पाचवा हिस्सा! भोकाची खोली बरोबर आहे म्हणून काम पुरे झाले, असे समजणे ही पहिली चूक होय.

दुसरी चूक ओलीची. चिकणमाती ओली असताना फिरते पाते तिला कापण्याऐवजी लिंपते. मातीची सूक्ष्म छिद्रे बुजतात आणि भिंतीवर एक घट्ट थर तयार होतो. त्यातून पाणी झिरपत नाही, हवा खेळत नाही आणि कोवळ्या मुळास आरपार जाता येत नाही. हलक्या, वाळूमिश्रित जमिनीत हा धोका कमी असतो, काळ्या भारी जमिनीत तो सर्वांत जास्त असतो.

मात्र कुंपणाचे खांब, द्राक्षमांडवाचे अँगल किंवा वेलभाज्यांचे डांब रोवताना हाच दोष गुण ठरतो. तेथे अरुंद भोक आणि घट्ट भिंतच हवी असते, कारण खांब हलता कामा नये. म्हणून खांबासाठी एक भोक पुरेसे आणि झाडासाठी एक भोक अपुरे, हे सूत्र ध्यानात ठेवावे.

चार भोकांचा खड्डा

६० सेंटिमीटरचा खड्डा यंत्राने घेण्याची सोपी रीत अशी : आखलेल्या चौकोनाच्या चार कोपऱ्यांत ३० सेंटिमीटर व्यासाच्या गिरमिटाने चार भोके पाडावीत. दोन भोकांच्या मध्ये दोन बोटे जाडीची मातीची भिंत राहू द्यावी. भोके एकमेकांत घुसविल्यास पाते रिकाम्या बाजूस ओढले जाते आणि यंत्र हातातून निसटू पाहते. चार भोकांनी खड्ड्यातील सुमारे तीन चतुर्थांश माती मोकळी होते. मग मधला खांब, पातळ भिंती आणि कोपरे कुदळीने फोडावेत. उरलेले हे काम माणसास फार जड जात नाही. शिवाय कुदळीच्या घावांनी घोटलेली भिंत आपोआप फुटते, हा त्यातील मोठा लाभ आहे.

एक मीटरच्या खड्ड्यासाठी ट्रॅक्टरवरील ४५ सेंटिमीटर व्यासाचे गिरमिट घ्यावे व त्याच रीतीने चार भोके पाडावीत. मधे हातभर नव्हे, तर वीतभराहूनही कमी माती राहते, ती पहारीने सहज पडते.

कोणत्याही परिस्थितीत खड्ड्याच्या चारही बाजू व तळ पहारीने किंवा कुदळीने खरवडून खडबडीत केल्याशिवाय कलम लावू नये. शंका असल्यास एक सोपी चाचणी करावी. संध्याकाळी एका खड्ड्यात दोन बादल्या पाणी ओतावे. सकाळी पाणी तसेच उभे दिसले, तर भिंत व तळ अद्याप फुटलेले नाहीत किंवा जमिनीचा निचराच कमी आहे, असे समजावे. निचरा कमी असल्यास खड्ड्यात झाड लावण्याऐवजी गादीवाफ्यावर लागवड करण्याचा विचार करावा.

यंत्राची निवड

यंत्राचे मुख्य प्रकार दोन. पहिला हाती धरावयाचा, पेट्रोल इंजिनाचा. दुसरा ट्रॅक्टरच्या मागे जोडावयाचा. निवड करताना जमीन, खड्ड्यांची संख्या, खड्ड्यांचा आकार आणि शेतात ट्रॅक्टर फिरतो की नाही, या चार गोष्टी पाहाव्यात.

हाती यंत्रांत ५२ ते ७२ सी.सी. क्षमतेची इंजिने सामान्यतः मिळतात. पाते १० ते ३० सेंटिमीटर व्यासाचे असते व त्याची लांबी सुमारे ७५ ते ८० सेंटिमीटर असते. अधिक खोल जाण्यासाठी वाढीव दांडा जोडता येतो. डोंगरउतारावर, जुन्या झाडांच्या मधे, लहान वावरात हे यंत्र सोयीचे पडते. मात्र इंजिनच आठ-दहा किलो वजनाचे, त्यात पात्याचे व वर येणाऱ्या मातीचे वजन मिळते. त्यामुळे २० सेंटिमीटरपर्यंतचे पाते एका माणसाने चालवावे. ३० सेंटिमीटरचे पाते लावावयाचे असल्यास दोन माणसांनी धरावयाचे, चार मुठींचे यंत्र घ्यावे. लहान इंजिनास मोठे पाते लावले, तर इंजिन गुदमरते, क्लच जळतो आणि चालविणाराही थकतो.

ट्रॅक्टरचे गिरमिट तीन कड्यांच्या जोडणीस बसते व पी.टी.ओ. दांड्यावर चालते. १५ पासून ६० सेंटिमीटर व्यासापर्यंतची पाती त्यास लावता येतात व साधारण ९० सेंटिमीटर खोलीपर्यंत काम होते. ३५ अश्वशक्ती व त्यावरील ट्रॅक्टर त्यासाठी योग्य असतो. सपाट व मोठ्या क्षेत्रावर त्याचे काम हाती यंत्राहून पुष्कळ वेगाने उरकते.

कोणतेही गिरमिट खडकात चालत नाही. मऊ मुरमात ते चालते, परंतु पट्ट्या लवकर झिजतात. कोकणातील जांभ्या कातळावर किंवा काळ्या पाषाणावर त्याचा आग्रह धरू नये. तेथे पहार किंवा दगड फोडणारे यंत्रच हवे. म्हणून यंत्र आणण्यापूर्वी शेतात चार-पाच ठिकाणी साध्या पहारीने दोन फुटांपर्यंत चाचपून पाहावे.

खरेदी करावी की भाड्याने आणावे, याचा निर्णय खड्ड्यांच्या संख्येवरून घ्यावा. दहा मीटर अंतरावर आंब्याची एकरी ४० झाडे बसतात, सहा मीटरवर पेरूची ११० आणि साडेचार बाय तीन मीटरवर डाळिंबाची ३००. एक-दोन एकर बागेसाठी यंत्र विकत घेणे परवडत नाही. ते वर्षातून दोन दिवस चालेल आणि उरलेले दिवस गंजत पडेल. अशा वेळी औजारे बँकेतून अथवा भाड्याने देणाऱ्याकडून ते आणावे, किंवा पाच-सहा शेतकऱ्यांनी मिळून घ्यावे. एकत्र घेतल्यास ते चालविण्याची व सांभाळण्याची जबाबदारी एकाच जाणत्या माणसावर सोपवावी. लागवड शासकीय योजनेतून होणार असल्यास, त्या योजनेत यंत्राने खड्डे घेण्यास मुभा आहे काय व खड्ड्याचे माप कोणते, हे काम सुरू करण्यापूर्वी विचारून घ्यावे.

खरेदीच्या वेळी पुढील गोष्टी तपासाव्यात : धारेच्या पट्ट्या व अणी बदलता येतात काय आणि त्या तालुक्याच्या गावी मिळतात काय, इंजिन मंद गतीत असताना पाते पूर्णपणे थांबते काय, बंद करण्याची कळ मुठीवरील हात न काढता अंगठ्याने दाबता येते काय, आणि विक्रेता शेतावर येऊन यंत्र चालवून दाखवितो काय. दुकानाच्या फरशीवर सर्वच यंत्रे चांगली चालतात.

वेळ आणि वाफसा

खड्डे उन्हाळ्यात, एप्रिल-मे महिन्यांत घ्यावेत आणि पंधरा दिवस ते महिनाभर उन्हात तापू द्यावेत. यंत्रामुळे काम झटपट होते, म्हणून ते शेवटच्या दिवसापर्यंत लांबणीवर टाकण्याचा मोह होतो. तो टाळावा. आम्ही त्यास बळी पडलो, त्याचे फळ वर सांगितलेच आहे.

भारी जमीन उन्हाळ्यात दगडासारखी कठीण होते, हे खरे. अशा जमिनीत रब्बीचे पीक निघताच, ओल पुरती उडण्यापूर्वी भोके पाडून घ्यावीत. किंवा वळवाचा पाऊस झाल्यावर वाफसा येण्याची वाट पाहावी. वाफसा ओळखण्याची खूण शेतकऱ्यास सांगावयास नको. अर्धा फूट खोलीवरची माती मुठीत दाबून पाहावी. गोळा होऊन टिचकीने फुटला, तर काम करावे. हाताला चिकटून वळी निघाली, तर यंत्र परत न्यावे.

चालविण्याची रीत

प्रथम दोरीने आखणी करून प्रत्येक खड्ड्याच्या जागी चुन्याची खूण करावी. जमिनीखालून विहिरीच्या मोटारीची वीजतार, ठिबकची नळी किंवा पाइपलाइन गेली असेल, तेथे आधी काठ्या रोवून ती जागा सोडावी. वरचे मोठे दगड, काटक्या व गवत दूर करावे.

टू-स्ट्रोक इंजिनास पेट्रोलमध्ये तेल मिसळूनच घालावे लागते. यंत्राच्या पुस्तिकेत २५ भागांस एक असे प्रमाण दिले असल्यास एक लिटर पेट्रोलला ४० मिलिलिटर, व ५० भागांस एक असे असल्यास २० मिलिलिटर तेल मापून घालावे. अंदाजाने ओतू नये. नुसते पेट्रोल घातल्यास इंजिन थोड्याच वेळात जाम होते. फोर-स्ट्रोक इंजिनात मिश्रण लागत नाही, परंतु त्याच्या तेलाची पातळी रोज तपासावी.

पाय खांद्याइतके फाकून, गुडघे किंचित वाकवून, कोपरे शरीराजवळ ठेवून उभे राहावे. अणी खुणेवर टेकवून मगच गती वाढवावी. अंगाचा भार देऊ नये. धार चांगली असेल तर गिरमिट स्वतःच्या वजनाने उतरते. दाब द्यावा लागत असेल, तर पट्ट्या बोथट झाल्या आहेत, असे समजावे.

पहिले वीतभर खणून होताच गिरमिट वर घ्यावे व वर आलेली माती फावड्याने एका बाजूस ओढून ठेवावी. ही कसदार वरची माती होय, खड्डा भरताना हिचीच गरज लागते. एका दमात तळापर्यंत गेल्यास खालची निकस माती तिच्यावर पसरते व दोन्ही मिसळतात. त्यानंतर दर वीतभर खोलीस गिरमिट फिरते ठेवून वर उचलावे, माती झटकावी व पुन्हा खाली सोडावे. एकदम खोल गेल्यास मातीच्या भाराने ते रुतते.

गिरमिट रुतल्यास ते ओढून काढण्याचा खटाटोप करू नये. इंजिन बंद करावे, पाते पान्ह्याने उलट दिशेस फिरवून सोडवावे. ट्रॅक्टरच्या गिरमिटास हायड्रॉलिकने हिसका दिल्यास दांडा वाकतो. दगड लागताच शिअर बोल्ट तुटतो, तो यंत्र वाचविण्यासाठीच असतो. त्याच्या जागी अधिक कठीण बोल्ट किंवा सळीचा तुकडा घालणे म्हणजे गियरपेटीचा नाश ओढवून घेणे होय.

जीव सांभाळा

हे यंत्र लहान दिसते, पण त्याचा फेरा निर्दय असतो. धोतराचा सोगा, उपरणे, साडीचा पदर, गळ्यातील माळ किंवा सैल हातमोजा फिरत्या दांड्यात सापडला, तर माणूस सावध होण्यापूर्वीच ओढला जातो. म्हणून अंगाबरोबर बसणारे कपडे व घट्ट जोडे घालावेत, डोळ्यांस चष्मा लावावा व कानांत बोळे घालावेत. दगड किंवा मुळी लागताच यंत्र उलट फिरू पाहते आणि मुठीचा तडाखा मनगटावर किंवा बरगड्यांवर बसतो. अशा वेळी गती तात्काळ सोडावी.

ट्रॅक्टरच्या पी.टी.ओ. दांड्यावरील झाकण कधीही काढू नये. गिरमिट जमिनीत शिरत नाही म्हणून त्याच्या आडव्या दांड्यावर माणूस बसविण्याची प्रथा काही ठिकाणी दिसते. ती अत्यंत घातक आहे. ती पाहताच गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी काम थांबवावे. पात्यास अडकलेली माती किंवा मुळी हाताने काढावयाची असेल, तर आधी इंजिन बंद करावे. गरम इंजिनात पेट्रोल ओतू नये व जवळ विडी पेटवू नये.

पाडलेली भोके तशीच उघडी सोडून घरी जाऊ नये. वीत-दीड वीत रुंदीच्या खोल भोकात गाईचा किंवा बैलाचा पाय गेला, तर हाड मोडल्याशिवाय राहत नाही, आणि लहान मुलांसही धोका असतो. भोवती काटेरी झांज्या लावाव्यात किंवा त्याच दिवशी भोके फोडून खड्डा रुंद करावा.

खड्डा भरणे

तळाशी वाळलेला पालापाचोळा घालावा. त्यावर बाजूस ठेवलेली वरची माती, चांगले कुजलेले शेणखत व सिंगल सुपर फॉस्फेट यांचे मिश्रण भरावे. ६० सेंटिमीटरच्या खड्ड्यास १५ ते २० किलो शेणखत व अर्धा ते एक किलो सुपर फॉस्फेट पुरते. वाळवीचा उपद्रव असेल तेथे निंबोळी पेंड मिसळावी. माती पुढे दबते, म्हणून खड्डा जमिनीपेक्षा चार बोटे उंच भरावा. पाऊस होऊन माती बसल्यावर पिशवी फाडून, मुळांभोवतीचा गोळा न फोडता कलम लावावे व कलमाचा जोड जमिनीच्या वर राहील याची काळजी घ्यावी.

यंत्राची निगा

रोजचे काम संपताच पात्यावरील माती खरवडून काढावी, पट्ट्यांचे बोल्ट आवळावेत व हवेची गाळणी झटकून साफ करावी. गियरपेटीत ग्रीस आहे की नाही, ते पाहावे. आजच्या पेट्रोलमध्ये इथेनॉल मिसळलेले असते व ते हवेतील ओलावा शोषून घेते. त्यामुळे हंगाम संपल्यावर टाकी रिकामी करावी व कार्ब्युरेटरमधील पेट्रोल संपून इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत ते चालू ठेवावे. पात्यास तेलाचा हात द्यावा आणि यंत्र कोरड्या जागी टांगून ठेवावे.

शेतकरी बंधूंनो, यंत्र माणसाचे कष्ट वाचविते. विचार वाचवीत नाही. ११० खड्डे एका दिवसात पडले याचा आनंद एक दिवस टिकतो, आणि पेरूचे झाड मात्र पुढे कित्येक वर्षे फळ देणारे असते. म्हणून गिरमिटाने माती मोकळी करावी, परंतु खड्ड्यात उतरून शेवटचे चार घाव कुदळीने आपणच घालावेत. गावपातळीवरील कार्यकर्त्यांस माझी विनंती आहे, की येत्या हंगामात त्यांनी आपल्या गावी एक तरी चार भोकांचा खड्डा सर्वांदेखत घेऊन दाखवावा, आणि त्याची भिंत प्रत्येक शेतकऱ्यास हाताने चाचपून पाहू द्यावी. माझ्याकडून जी चूक झाली, ती दुसऱ्या कोणाच्या बागेत होऊ नये.